कारागृह, कच्चे कैदी आणि सुटकेनंतरचं आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुरुंगाच्या मुलाखत खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकांना कागदपत्रांची मदत करणं, हे माझं काम. इथले निम्मे प्रश्न त्या रांगेतले आहेत. उरलेले निम्मे महाविद्यालयांत आणि सोसायट्यांमध्ये बोलायला गेल्यावर हमखास विचारले जातात. ज्यांचं माणूस सध्या आत आहे त्यांनी जामीन, वकील आणि मुलांविषयीचे प्रश्न आधी वाचावेत.

तुरुंगसुधारणा म्हणजे आत टीव्ही, पंखे आणि चांगलं जेवण देणं का?

पंखा आणि जेवण लागतंच. पण माझ्या मते सुधारणेची सुरुवात गर्दीपासून करावी लागते, कारण बाकीच्या प्रत्येक गोष्टीचा गळा तिथेच आवळला जातो. आदर्श कारागृह नियमावलीनुसार झोपण्याच्या बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा हवी. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची मूळ क्षमता ८०४ आणि तिथे वर्षानुवर्षं तीन हजारांहून जास्त माणसं राहत आली आहेत. राज्यातल्या कारागृहांचा एकत्र विचार केला तरी क्षमतेच्या दीडपटीहून जास्त कैदी आत आहेत. अशा बराकीत एकाने कूस बदलली की शेजारच्या दोघांना बदलावी लागते. खरूज एकाला झाली की आठवड्यात सगळ्यांना होते. संडासाची रांग, पाण्याची रांग, डॉक्टरची रांग, सगळं तिथूनच येतं. समुपदेशक कितीही तळमळीचा असो, एवढ्या माणसांत तो कोणाचं नाव लक्षात ठेवणार?

मग नवीन तुरुंग बांधा, असं लगेच सुचवलं जातं. काही ठिकाणी ते गरजेचंही आहे. पण आत असलेल्यांपैकी कितीजण तिथे असायलाच हवेत, हे आधी पाहिलं पाहिजे.

कच्चा कैदी आणि पक्का कैदी म्हणजे काय?

ज्याच्यावर खटला चालू आहे किंवा अजून सुरूही झालेला नाही, तो कच्चा. कागदोपत्री त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. शिक्षा लागली की तो पक्का, म्हणजे शिक्षाधीन बंदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे होते. म्हणजे दर चारपैकी तिघांवरचा गुन्हा कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता.

हे प्रमाण मी प्रत्येक भाषणात सांगते, कारण पुनर्वसनाचे बहुतेक कार्यक्रम उरलेल्या एकासाठी आखलेले असतात. कारखान्यातलं काम, मजुरी, खुलं कारागृह, शिक्षेतली माफी, कर्ज हे सगळं पक्क्या कैद्यांचं. कच्चा कैदी कधी सुटेल याचा नेम नसतो, म्हणून त्याला अभ्यासक्रमात घेत नाहीत. त्याला शिक्षा नाही, म्हणून कामाची सक्ती नाही, आणि स्वतःहून मागितलं तरी काम मिळेलच असं नाही. तो दोन-तीन वर्षं बराकीत नुसता बसून काढतो. बाहेर येतो तेव्हा हातात कसब नाही, खिशात पैसा नाही आणि कपाळावर शिक्का मात्र पक्क्या कैद्याइतकाच.

जामीन मंजूर झाला. तरी आमचा माणूस सुटत का नाही?

रांगेतला हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आहे.

मंजूर झालेला जामीन आणि भरलेला जामीन यांत मोठं अंतर असतं. न्यायालय म्हणतं, पंचवीस हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः दिलेली लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदार म्हणजे ऐपतीचा दाखला, शिधापत्रिका, सातबारा किंवा घराची पावती, पगारपत्रक असं काहीतरी असलेला माणूस, आणि त्याने न्यायालयात येऊन उभं राहायचं. बांधकामावर राहणारा मजूर, फुटपाथवर झोपणारी बाई किंवा परराज्यातून आलेला मुलगा असा माणूस आणणार कुठून? काही न्यायालयांच्या आवारात भाडोत्री जामीनदार फिरतात. घाईघाईत त्यांच्या नादी लागू नका. कागद खोटे निघाले तर तुमच्या माणसावर नवा गुन्हा चढतो.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९७८ साली मोतीराम खटल्यात पाहिलं होतं. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट अन्यायाची ठरवली. तरी 'जामीनदार स्थानिकच हवा' हे वाक्य मी आजही ऐकते.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याची वाट आखून दिली आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलने कारागृहात जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवायचं. महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. त्यामुळे आठवडा उलटला की वाट पाहत बसू नका. प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या: नाव, कारागृह, गुन्हा क्रमांक, जामिनाची तारीख, आणि 'जामीनदार मिळत नाही, रोख जामिनावर किंवा वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडावे' ही विनंती. प्रतीवर पोच घ्या.

पैशांचीच अडचण असेल तर केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. २०२३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि पक्क्या कैद्याचा दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली. निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. अमली पदार्थ, दहशतवाद, भ्रष्टाचार, आर्थिक अफरातफर अशा कायद्यांखालच्या आरोपींना ती लागू नाही.

आदेश संध्याकाळी आला, सुटका दुसऱ्या दिवशी. असं का?

कारागृहात सूर्यास्ताच्या सुमारास मोजणी होऊन बराकी बंद होतात. त्यानंतर सहसा सुटका होत नाही. आर्थर रोडच्या दारावर जामिनाचे आदेश टाकायची एक पेटी होती, ती ठरलेल्या वेळीच उघडायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात ती वेळ चुकली आणि आरोपीला आणखी एक रात्र आत काढावी लागली, तेव्हा देशभर चर्चा झाली. ज्यांच्यामागे कॅमेरे नव्हते अशा कितीतरी जणांनी तशा रात्री त्याआधीही काढल्या होत्या.

खटला रखडलाय. किती दिवसांनी कायद्याने सुटका होते?

दोन वेगळे नियम आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिला आरोपपत्राचा. अटकेनंतर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन मागण्याचा हक्क तयार होतो. अर्ज मात्र आरोपपत्र येण्याच्या आधी पडायला हवा. एक दिवस उशीर झाला तरी हक्क जातो, म्हणून दिवस मोजत राहा.

दुसरा नियम नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४७९ चा, १ जुलै २०२४ पासूनचा. ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला मुचलक्यावर सोडायचं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्याची. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्याला वर्षभरानंतर. असा अर्ज करणं ही अधीक्षकांची जबाबदारी आहे, हे कलमातच लिहिलंय. कायदा लागू होण्याआधीच्या प्रकरणांनाही हा नियम लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना तो लागू नाही.

यातली एक पोटतरतूद मला फार खुपते. एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. पारधी वस्तीतल्या पोराला एकदा उचललं की आसपासच्या दोन-चार जुन्या चोऱ्या त्याच्या नावावर लागायला वेळ लागत नाही. म्हणजे ज्याला या कलमाची सगळ्यात जास्त गरज, तोच त्यातून वगळला जातो.

वकिलाची फी परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयात लोक अभिरक्षक कार्यालय (आरोपींसाठी मोफत वकील देणारं) असेल तर थेट तिथे जा, नाहीतर प्राधिकरणात. १५१०० हा मदत क्रमांक आहे. आतल्या माणसालाही कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रातून अर्ज करता येतो.

फुकटचा वकील लक्ष देत नाही, ही तक्रार मी खूप ऐकते आणि ती दरवेळी खोटी नसते. अशा वेळी वकील बदलून मागता येतो. तसा लेखी अर्ज करायला घाबरू नका.

प्रत्येक तारखेला 'पार्टी मिळाली नाही' असं सांगतात. म्हणजे काय?

कैद्याला न्यायालयात नेण्यासाठी पोलिसांचं पथक लागतं, त्याला तुरुंगाच्या भाषेत पार्टी म्हणतात. बंदोबस्त, सण, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे यांत मनुष्यबळ गेलं की पार्टी येत नाही आणि तारीख पडते. आता पुष्कळदा व्हिडिओवरून हजर करतात. त्याने तारीख वाया जात नाही हे खरं, पण कैद्याला न्यायाधीशांसमोर उभं राहून 'साहेब, मला मारलंय' किंवा 'माझा वकील येतच नाही' असं सांगायची जी संधी होती ती आकसते. पडद्यावर त्याच्या वाट्याला अर्धा मिनिट येतं आणि शेजारी कारागृहाचाच शिपाई उभा असतो. साक्षीपुरावे चालू असतील तर प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह वकिलाकडून धरून घ्या.

आत काम आणि मजुरी मिळते का?

पक्क्या कैद्यांना मिळते. येरवड्यात लाकडी फर्निचर, यंत्रमागावरचं कापड, सतरंज्या होतात. नाशिक रोडला कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्तींना दरवर्षी मागणी असते. दिवाळीच्या सुमारास कारागृहांच्या विक्री केंद्रांवर फराळ आणि आकाशकंदील ठेवतात. माल चांगला असतो, जरूर घ्या.

मजुरी मात्र फारच तुटपुंजी आहे. दिवसभर यंत्रमाग चालवणाऱ्या कुशल कैद्याच्या हातात बाहेरच्या मजुराच्या तुलनेत काहीच पडत नाही. कैद्यांना न्याय्य मजुरी मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगून ठेवलंय. त्याच पैशातून कॅन्टीनमधला साबण येतो आणि त्यातूनच कोणी घरी मनीऑर्डर करतो. बापाकडून आलेली दोन हजारांची मनीऑर्डर आठवीतल्या पोरीने वहीत जपून ठेवलेल्या पावतीसह मला दाखवली होती. वह्या-पुस्तकं त्यातून झाली, पण तिला दाखवायची होती ती पावतीवरची सही.

राज्याने यात एक चांगली गोष्ट केली आहे, ती म्हणजे १ मे २०२२ ला येरवड्यातून सुरू झालेली 'जिव्हाळा' कर्ज योजना. राज्य सहकारी बँक पक्क्या कैद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देते, व्याज ७ टक्के, आणि हप्ता त्यांच्या मजुरीतून वळता होतो. पोराची फी, आईचं औषधपाणी, वकिलाचा खर्च यासाठी ते वापरता येतं. सावकाराच्या दारात जाणारी कुटुंबं त्यातून वाचतात.

खुलं कारागृह म्हणजे काय? तिथून कैदी पळून जात नाहीत?

भिंती आणि गज जवळजवळ नसलेलं, शेतीवर चालणारं कारागृह. चांगली वर्तणूक असलेल्या पक्क्या कैद्यांना शिक्षेचा काही काळ झाल्यावर तिथे पाठवतात. आपल्याकडे येरवडा आणि पैठणला अशी कारागृहं आहेत. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तर महाराष्ट्राने अभिमानाने सांगावं असं आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये ही वसाहत उभी केली. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं तिथे कुटुंबासह राहून जमीन कसू लागली. स्वातंत्र्याच्याही आधी, एका छोट्या संस्थानात!

पळून जाणारे विरळा. ज्याची बायकापोरं शेजारी आहेत, शेतात पीक उभं आहे आणि सुटका दृष्टिपथात आहे, तो पळून कुठे जाईल? राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर जाऊन कामधंदा करतात. राखणीचा खर्चही बंद कारागृहापेक्षा कितीतरी कमी येतो. असं असताना आपल्याकडे खुल्या कारागृहातल्या जागा इतक्या थोड्या का, याचं पटणारं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

संचित रजा आणि अभिवचन रजा यांत फरक काय?

संचित रजा म्हणजे फर्लो. ती दीर्घ शिक्षेच्या कैद्याला ठराविक काळानंतर, काही विशेष कारण न देता मागता येते आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. ती आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी असते आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. दोन्ही महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनी चालतात. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आला की अर्ज फेटाळला जातो. नकार लेखी घ्या, कारण त्याविरुद्ध दाद मागता येते. ठरल्या दिवशी परत जाणं मात्र सांभाळा. एका दिवसाचा उशीर पुढच्या सगळ्या रजांवर पाणी फिरवतो.

आईबाप आत आहेत. मुलांचं काय?

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत कारागृहात राहू शकतं. त्याच्या आहाराची, पाळणाघराची, शिक्षणाची जबाबदारी शासनाची आहे, हे २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालाने ठरवून दिलं. भायखळा, येरवडा इथे अशी मुलं आहेत.

बाहेर राहिलेल्या मुलांकडे कोणाचंच लक्ष नसतं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील कारागृहात असलेल्या मुलांना घेता येतं. रक्कम २०२३ मध्ये वाढवून महिन्याला २,२५० रुपये केली गेली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा, आणि पालक कारागृहात असल्याचं पत्र अधीक्षक कार्यालयातून आणायचं. आजीआजोबांना ही योजना माहीतच नसते, म्हणून शाळेतल्या शिक्षकांनी विचारपूस केली तर मोठं काम होईल.

जाळीआडून किंवा काचेपलीकडून फोनवर बोलण्याऐवजी मुलांना बापाला बिलगू देणारा 'गळाभेट' उपक्रम आपल्या कारागृहांत होतो. तो वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळेपुरता न राहता नेमाने व्हायला हवा.

आजारी कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात नेतात का?

कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून दिलं तर सरकारी रुग्णालयात नेतात, आणि इथेही पार्टीचा घोळ होतो. जुन्या आजाराची कागदपत्रं आणि औषधाची चिठ्ठी वकिलामार्फत न्यायालयात दाखल करा, म्हणजे आदेश मिळवता येतो. मानसिक आजाराबद्दल २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कारागृहांसाठी स्वतंत्र कलम आहे. प्रत्यक्षात गप्प झालेला, न जेवणारा माणूस 'शांत कैदी' म्हणून दुर्लक्षित राहतो. मुलाखतीत तुमचं माणूस ओळखीचं वाटलं नाही, तर ते अधीक्षकांना लेखी कळवा.

तुरुंगात जात पाहतात, हे खरं का?

अनेक राज्यांच्या नियमावल्यांत तसं छापलेलंच होतं: स्वयंपाक कोणी करायचा, झाडू कोणी मारायचा. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणलं, त्या स्वतः याचिकाकर्त्या झाल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. कारागृहाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. भटक्या-विमुक्तांना जन्मतःच सराईत मानणाऱ्या तरतुदीही गेल्या. कागदावरून गेलेलं बराकीतून जायला वेळ लागेल, म्हणूनच तक्रारी नोंदवत राहायला हव्यात.

ज्यांनी दुसऱ्याचं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्यांच्यावर आमचा पैसा का? पीडितांचं काय?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. खून झालेल्या घरातल्या माणसांबरोबरही मी बसले आहे. त्यांची पहिली तक्रार असते ती रखडलेल्या खटल्याची, आणि खटला रखडतो तो कच्च्या कैद्याला आत सडवणाऱ्या कारणांमुळेच: पार्टी नाही, वकील नाही, साक्षीदार नाही, न्यायाधीशांची बदली. पीडितांना भरपाई मिळवून देणारं कार्यालयही तेच विधी सेवा प्राधिकरण. त्याला माणसं आणि पैसा मिळाला तर दोघांनाही फायदा आहे.

आणि जवळजवळ सगळे कैदी एक दिवस बाहेर येतात, आपल्याच गल्लीत. ते कोणत्या अवस्थेत येतात याच्याशी आपला थेट संबंध आहे.

सुटल्यावर पहिल्या दिवशी काय लागतं?

दारातून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात एक पिशवी असते. त्यात अटकेच्या दिवशीचे कपडे, कधी बंद पडलेला मोबाइल. गावी जायला भाडं नसतं. पाच वर्षं आत असलेल्या एका काकांना रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरावा लागला होता, गाड्यांच्या वेगाची सवयच गेली होती. पहिल्या आठवड्यात लागतं ते एवढंच: तिकिटाचे पैसे, रात्रीचा निवारा, चालू मोबाइल नंबर, आधारकार्ड. आधार हरवलं असेल तर शिधापत्रिका, बँक खातं, काम सगळंच अडतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबई-ठाणे परिसरात हे काम करतो. जिल्ह्यात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतात, त्यांनाही भेटा.

बायकांची अवस्था वेगळी. पुरुष सुटला की कोणीतरी न्यायला येतं. बाई सुटली की बऱ्याचदा दारात कोणी नसतं, आणि घरातली तिची जागाही भरली गेलेली असते. तिच्यासाठी निवारागृहाची चौकशी सुटकेआधीच करून ठेवावी लागते.

माझं छोटं वर्कशॉप आहे. सुटलेल्या माणसाला कामावर घेऊ का?

घ्या. ओळखीच्या संस्थेमार्फत घ्या, म्हणजे मध्ये बोलायला कोणीतरी असतं. गुन्हा कोणता होता हे एकदा स्वतः विचारा, आणि नंतर तो विषय कारखान्यात चघळू देऊ नका. पगार इतरांइतकाच द्या. न्यायालयाच्या तारखांना सुट्टी लागेल, ती आधीच ठरवून टाका. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यावर अडून बसू नका, तो या माणसांना मिळणं अवघड असतं.

मी वकील नाही, संस्था नाही. मी काय करू शकते?

निवृत्त असाल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. शिक्षक असाल तर कारागृहातल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या किंवा इग्नूच्या अभ्यास केंद्राला शिकवायला माणसं हवीच असतात. मराठी पुस्तकं द्यायची असतील तर अधीक्षकांच्या परवानगीने देता येतात. जाड अक्षरातली द्या, चष्मे आत लवकर मिळत नाहीत. आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंचा मुलगा किरकोळ गुन्ह्यात अडकला असेल, तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखत असाल, तर त्याचे जामीनदार व्हा. शिधापत्रिका, आधारकार्ड, घराची कर पावती, दोन फोटो घेऊन सकाळी अकराच्या आत न्यायालयात जा. तो तारखांना हजर राहील याची हमी तुम्ही देत असता, म्हणून पुढच्या तारखा तुमच्याही कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आदल्या संध्याकाळी त्याला फोन करा.